धरण उशाला, पालक बादलीला

पुणेकराला बचत खात्यात किती शिल्लक आहे असं विचारलं तर तो पासबुक शोधायला उठतो. पण खडकवासला साखळीत किती पाणी मावतं ते विचारा, जागच्या जागी सांगेल: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७, एकूण २९.१५ टीएमसी. जुलै-ऑगस्टात हे आकडे पेपरात रोज येतात आणि दाढी करता करता पाठ होतात. मात्र पानशेत हे एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, आणि त्या माणसांचं स्वतःचं काही म्हणणं असू शकतं, ही गोष्ट त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ती येते तिथे प्लॉट घेतल्यावर.

आमच्या साडूभाऊंनी निवृत्तीच्या पैशातून तो घेतला. डोणजे फाटा, खानापूर मागे टाकून धरणाच्या भिंतीच्या अलीकडे वर चढणारा कच्चा रस्ता, चढाच्या टोकाला काही गुंठे, त्यावर दोन खोल्या आणि ‘धरणाचा व्ह्यू’. हा व्ह्यू पाहायचा तर गच्चीवर जाऊन, टाकीला धरून, किंचित डावीकडे झुकावं लागतं. पण दिसतो, हे कबूल केलं पाहिजे. तालुका वेल्हे, आता राजगड. नाव बदलल्याच्या आनंदात साडूभाऊंनी गेटवरच्या पाटीवर दोन्ही नावं लिहून घेतली आहेत. बँकेत हयात गेलेला माणूस, जुनी आणि नवी दोन्ही खाती चालू ठेवणारच.

प्लॉटवर सगळं होतं, फक्त माती नव्हती. टेकडी फोडून सपाटी काढली तेव्हा वरची वीतभर माती थोडी जेसीबीनं नेली, उरलेली पहिल्या पावसानं. खाली निव्वळ मुरूम. साडूभाऊंनी त्यात आधी गुलाब लावले, मग हापूस लावला, मग शेवगा. शेवगा मेला तेव्हा राखण करणाऱ्या मामांनी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. शेवगा मरत नसतो, अशी त्या भागात समजूत आहे.

“मामा, इथं चांगली माती आहे कुठं?” साडूभाऊंनी विचारलं.

मामांनी धरणाकडे बोट दाखवलं. “त्याच्या बुडाला.”

गोष्ट खरीच आहे. आंबी नदीच्या काठची भाताची खाचरं, ज्यांवर गावं पोसली गेली होती, ती तानाजीसागर भरला तेव्हा पाण्याखाली गेली. काही माणसं उठून कालव्याच्या पाण्यावर, पार दौंडकडे गेली. मामांच्या घरच्यांसारखी काही वर टेकडीला सरकली. पुण्याला पाणी हवं म्हणून माती बुडाली, आणि आता पुण्याचा माणूस त्याच पाण्याच्या काठी येऊन मातीचा पत्ता विचारत होता. मामांनी हे बोलून दाखवलं नाही. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी बोट दाखवलं तेवढंच.

त्याच रात्री साडूभाऊंना यूट्यूबवर हायड्रोपोनिक्स भेटलं.

मातीविना शेती. झाडाची मुळं पाण्यात सोडायची, लागतील तेवढी अन्नद्रव्यं त्या पाण्यात विरघळवायची, झाड उभं राहायला कोकोपीटचा नाहीतर भाजलेल्या मातीच्या गोट्यांचा आधार द्यायचा, आणि कापणीची कात्री घेऊन वाट पाहायची. तण नाही, खुरपणी नाही, पाठदुखी नाही. शिवाय, साडूभाऊंचं सर्वांत आवडतं कलम, ‘नव्वद टक्के पाण्याची बचत’. हे वाक्य ते धरणाकडे तोंड करून म्हणत. समोर साडेदहा टीएमसी, डोक्यावर मावळातला आषाढ, छपराच्या पन्हळीतून धो धो धार, आणि हा गृहस्थ रेनकोट घालून पाणी वाचवतोय. मामा छत्री धरून ऐकत उभे असत.

हे खूळ आजचं आहे अशी कुणाची समजूत असेल तर ती काढून टाकावी. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या फ्लेमिश वैद्यानं दोनशे पौंड वाळवलेली माती एका कुंडीत भरली, त्यात पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं एकशे एकोणसत्तर पौंड. माती कमी झाली दोन औंस. त्यानं निष्कर्ष काढला की झाड हे सगळं पाण्याचंच बनतं. तो चुकला, कारण झाडाचं बरंचसं अंग हवेतल्या कार्बनचं असतं, आणि ज्या दोन औंसांना त्यानं किरकोळ म्हणून सोडून दिलं तिथेच खरी मेख होती. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी ते दोन औंस म्हणजे नेमकं काय हे क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवून शोधलं: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि चिमूटभर आणखी काही. आज साडूभाऊ बाटलीत विकत आणतात ते हेच दोन औंस. भाव मात्र दोनशे पौंडांचा.

या प्रकाराला हायड्रोपोनिक्स हे नाव १९३७ मध्ये दिलं ते कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी. त्यांनी पाण्यात पंचवीस फुटी टोमॅटो चढवले आणि शिडीवर उभं राहून फोटो काढून घेतले. जगभर डंका पिटला गेला. त्यांचं विद्यापीठाशी बिनसलं, ते बाहेर पडले, आणि त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन या दोघांनी १९३८ साली शांतपणे एक पत्रक काढलं: पद्धत उत्तम, पण चांगल्या जमिनीत येतं त्यापेक्षा पीक काही जास्त येत नाही. गंमत अशी की आज घरोघर जे द्रावण वापरतात ते पुष्कळदा या होगलंडच्या पाककृतीचंच भावंड असतं, आणि भिंतीवर फोटो मात्र गेरिकच्या शिडीचा. आपल्या देशातही हे जुनं आहे. शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजानं चाळीसच्या दशकात कालिंपोंगला खडी-वाळूच्या वाफ्यांतून स्वस्तातली ‘बंगाल पद्धत’ बसवली होती. साडूभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बंगालात ठीक आहे. आपल्याकडे शास्त्रशुद्ध करू.”

शास्त्रशुद्ध म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप. प्लंबर आला, पाइपांना ओळीनं भोकं पाडली, उताराला लावले, खाली टाकी, टाकीत पंप. पंप पाणी वर चढवतो, पाण्याचा पातळ पापुद्रा पाइपाच्या तळातून मुळांना चाटून परत टाकीत येतो. इंग्लंडात साठ-सत्तरच्या दशकांत ॲलन कूपर यांनी ही रीत बसवली, आणि लेट्यूससारख्या पाल्याला ती उत्तमच आहे. फक्त तिला एक पथ्य आहे: पंप थांबता कामा नये. पातळ पापुद्र्यावर जगणाऱ्या मुळांना साठवण नसते. उन्हाच्या दिवशी पंप बंद पडला तर काही तासांत पानं माना टाकतात. आणि पानशेतच्या बाजूला पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की वीज जाते, ती कधी येईल हे फांदीलाच माहीत. मग साडूभाऊ कोथरूडहून फोन करत आणि मामा टमरेलानं एकेका भोकात पाणी ओतत फिरत. नव्वद टक्के बचतीत हे टमरेल धरलेलं नाही.

खताचा अध्याय त्याहून बहारदार. पहिल्यांदा साडूभाऊंनी वाटेतल्या कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ ची पुडी आणली. पाण्यात विरघळतं, तिन्ही आकडे सारखे, बँकेच्या माणसाला ताळेबंद जुळल्याचा आनंद. पण त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीतले जिवाणू तो मोडून झाडाच्या तोंडी लागेल असा करून देतात. स्वच्छ टाकीत ते कामगारच नसतात. वर त्यात कॅल्शियम नाही. रोपं पिवळी पडून बसली. मग आली खास बाटल्यांची जोडी, ‘ए’ आणि ‘बी’. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही टाकीभर पाण्यात गेल्या की गुण्यागोविंदानं नांदतात, पण दाट स्वरूपात समोरासमोर आणल्या की भावकीसारखं होतं: तिथल्या तिथे बिनसतं, तळाला पांढरा गाळ बसतो आणि त्यातला घास कुणाच्याच पोटी जात नाही. साडूभाऊंनी ‘जागा वाचावी’ म्हणून दोन्ही एका बरणीत ओतल्या होत्या. ती बरणी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, नंतर कपडे वाळवायच्या काठीचं बूड म्हणून वापरली. चांगली जड झाली होती.

यानंतर घरात मीटर आले. एक पाण्याचा आम्लपणा सांगणारा, एक क्षारांची तीव्रता सांगणारा. पालेभाजीला पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये लागतो. त्याच्या वर गेला तर लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही. हे साडूभाऊंनी इतकं मनावर घेतलं की पेनसारखा तो मीटर त्यांच्या खिशाला कायमचा लागला. जेवायला बसलं की आमसुलाच्या सारात बुडव, ताकात बुडव. व्याही पहिल्यांदा पानशेतला आले तेव्हा त्यांच्या हातातल्या चहातही तो बुडाला. “साडेपाच,” साडूभाऊ समाधानानं म्हणाले, “लेट्यूस येईल यात.” व्याह्यांनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. धरणाचं पाणी तसं मऊ, क्षार कमी, या कामाला फार चांगलं; पण प्लॉटवर येतं ते बोअरचं, जड आणि अल्कधर्मी. पीएच खाली आणायला साडूभाऊंनी लिंबं पिळली. एका दिवसात आकडा खाली, दोन दिवसांत परत वर, कारण लिंबाचं आम्ल टाकीतले जिवाणू खाऊन टाकतात. फॉस्फोरिक आम्ल आणायचं असतं. तोवर त्या टाकीनं इतकं सरबत प्यायलं होतं की मामा तिला ‘पाव्हणी’ म्हणायला लागले.

टाकी एका रात्री फुटली, तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. फुटली म्हणजे तळाचा जोड निसटला. पाणी पडवीतून खोलीत, खोलीतून गादीखाली. ताईंनी रात्री अकराला माहेरी फोन लावला आणि घाईघाईत म्हणाल्या, “अगं आई, फुटलं सगळं पानशेतला!” आमच्या सासूबाई नारायण पेठेच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं बांधकाम सुरू असलेलं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि पेठांतून जे पाणी शिरलं ते त्यांनी तरुणपणी गच्चीवरून पाहिलेलं. त्या पिढीला असं वाक्य फोनवरून ऐकवायचं नसतं. सासूबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. फोन ठेवला, घरातल्यांना उठवलं, कपाटातले दागिने, रेशनकार्ड, देव आणि लोणच्याची बरणी या क्रमानं वरच्या मजल्यावर हलवली आणि शेजारच्यांची बेल दाबली. वाड्याची इमारत झालेली असल्यानं शेजारी बरेच होते. खरा प्रकार कळेपर्यंत दोन मजल्यांच्या गाद्या वर पोचल्या होत्या. साडूभाऊंच्या टाकीत पन्नास लिटर पाणी मावतं.

पण आता पीक आलं होतं. पहिला लेट्यूस खरोखर देखणा होता, हिरवा, कुरळा, मातीचा कण नाही. प्रश्न होता खायचा कुणी. मराठी घरात पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर असते आणि तिला दाण्याचं कूट लागतं. नुसता कच्चा पाला वाडग्यातून खाणं हे आमच्याकडे आजारपणात बसतं. साडूभाऊंनी पहिल्या दिवशी एक अख्खा गड्डा तेल-लिंबू लावून खाल्ला आणि सगळ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी उरलेल्याची पीठ पेरून भाजी केली. लेट्यूसची पीठ पेरलेली भाजी ही जगात बहुधा पानशेतलाच झाली असेल. लसणाची फोडणी बसल्यावर वाईट लागली नाही. फक्त कढईभर पाल्याची वाटीभर भाजी झाली, कारण ते पान म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी तापलं तेव्हा लेट्यूसनं तुरा काढला आणि कडू झाला. तो मामांच्या म्हशीनं हुंगून सोडून दिला.

म्हशीवरून मामांना एक सांगायचं होतं. “सायेब, तुमचं हे टीव्हीवर दावलं व्हतं. जनावरासाठी.” दुष्काळाच्या वर्षांत राज्यात बऱ्याच शेतकऱ्यांनी बांबू आणि शेडनेटच्या मांडवात ट्रे मांडून मका उगवला: भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून फवारे मारायचे, आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवा गालिचा जनावरापुढे. किलोभर मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो. साडूभाऊंनी लगेच कॅलक्युलेटर काढला. मामा म्हणाले, “वजन पान्याचं असतंय ना पर. म्हैस काय काट्यावर जेवती व्हय?” यावर कृषी शास्त्रज्ञही फारसं निराळं सांगत नाहीत; कोरडं वजन धरलं तर ते मूळ मक्यापेक्षा किंचित कमीच भरतं. चारा टंचाईत हिरवं तोंडाला लागतं, हा त्याचा फायदा खरा. पानशेतला पावसाळ्यात हिरव्याची टंचाई म्हणजे पुण्यात सल्ल्याची टंचाई.

मला स्वतःला विचाराल तर या सगळ्या प्रकारात मातीची बाजू मांडणारा कुणी वकील नसतो, याचं वाईट वाटतं. पीएच आवरून धरणं, खत जपून ठेवून लागेल तसं सोडणं, मुळांना गारवा देणं, जिवाणूंची फौज पोसणं, ही सगळी कामं ती बिनपगारी करत असते. तिला रजा दिली की तीच कामं आपल्याला पंप, मीटर, बाटली आणि अलार्म लावून करावी लागतात. साडूभाऊ नोकरीत इतके राबले नव्हते. पण चेहऱ्यावर तेज आलंय हेही खरं. रक्तातली साखर आटोक्यात आहे, आणि ‘निवृत्तीनंतर काय करता’ या प्रश्नाला ते पाऊण तास उत्तर देऊ शकतात.

ज्यांना घरी सुरुवात करायची असेल त्यांनी पाइपांच्या भानगडीत न पडता बादलीपासून करावी. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांची रीत आहे, तिला वीज लागत नाही. झाकणाची बादली, बाहेरून काळा रंग, नाहीतर उजेड जाऊन आत शेवाळ माजतं. झाकणाला भोक, भोकात जाळीची कुंडी, तिचा तळ द्रावणाला जेमतेम टेकलेला. रोप वाढतं तसं पाणी खाली जातं आणि वरच्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घ्यायला शिकतात. म्हणून बादली परत काठोकाठ भरायची नाही. भरली की हवेवरची मुळं गुदमरून झाड जातं. पुदिना, पालक, तुळशीचे परदेशी चुलते, असं काहीही येतं. गाजर-बटाट्याच्या नादी लागू नये. टोमॅटो करायचाच असेल तर खत दुप्पट तीव्र लागतं आणि खिडकीतल्या झाडाची फुलं हातानं हलवावी लागतात, कारण तिथे वारा नसतो. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. पानशेतच्या जुलैत ते मिळत नाही, तेव्हा रोपं उजेडाच्या शोधात माना लांब करून आडवी पडतात.

साडूभाऊंनी अशा ओळीनं बादल्या मांडल्या आणि आठवडाभर कोथरूडला गेले. परत आले तर सगळी रोपं कुजलेली. मामांनी रोज सकाळी, न चुकता, प्रत्येक बादली गळ्यापर्यंत भरली होती. “पानी कमी व्हत व्हतं,” ते म्हणाले. त्यांना दोष देता येईना. ज्याचं गाव धरणाखाली गेलंय त्या माणसाला पाणी कमी होताना बघवत नाही, की दुसरंच काही, हे मी विचारलं नाही. शिवाय पाण्यात पीक घेण्याचं त्यांना कुणी शिकवावं, हाही प्रश्नच आहे. चिखलणी करून घोटाभर पाण्यात इंद्रायणीची आवणी ते जन्मभर करत आलेत. भाताच्या मुळाला हवा पोचवायची नळी त्याच्या देठातच असते, त्यामुळे ते बुडत नाही. लेट्यूसकडे ती सोय नाही. हा फरक साडूभाऊंनी समजावून सांगितला. मामा म्हणाले, “मंग त्ये कशाला लावता? भातच लावा.”

एक बादली मात्र वाचली, ती पुदिन्याची. पुदिन्याला पाय ओले राहिले तरी चालतात. ती मामींनी उचलून रस्त्याकडेच्या आपल्या टपरीवर नेली. शनिवार-रविवारी धरण बघायला आलेली पोरं तिथं कांदाभजी खायला थांबतात. मामी त्यांच्यादेखत कात्रीनं चार काड्या तोडतात, मिरची-मीठ घालून पाट्यावर चटणी वाटतात. पोरं बादलीचे फोटो काढतात. मामींनी भज्यांचा भाव पाच रुपयांनी वाढवलाय. पाइप, पंप, मीटर, बाटल्या धरून साडूभाऊंनी या प्रकल्पाचा ताळेबंद काढला, तेव्हा नफ्याच्या बाजूला एवढी एकच नोंद निघाली, आणि ती त्यांच्या खात्यातली नव्हती.

ते खचलेले नाहीत. परवा गेलो तेव्हा पडवीत निळी मोठी टाकी आलेली होती. टाकीत मासे सोडायचे, माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू नायट्रेट करून देतात, ते पाणी पाल्याला, पाल्यानं गाळलेलं पाणी परत माशांना. बाटल्याच नकोत. जिवाणू परत आले याचा मला मनापासून आनंद झाला. साडूभाऊ सहा पिढ्यांचे शाकाहारी आहेत, याची मी आठवण करून दिली नाही. मामांना टाकी धुवायला सांगितली होती, ते हात पुसत बाहेर आले.

“मासं कुठलं आननार सायेब?”

“हडपसरला एक माणूस देतो बीज.”

मामांनी समोर पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग साडूभाऊंकडे, मग माझ्याकडे. “बरं,” ते म्हणाले, “येताना माझ्या पोरासाठी गळ आना.”